मदत हवी आहे : यरीहोत आंधळे किती होते?

सर्वांना प्रभूमध्ये सलाम. मी खानापूरचा. दर गुरुवारी आमच्या घरी सात-आठ जण शास्त्र (बायबल) वाचायला बसतो. निम्मे मराठी, निम्मे कन्नड. परवा मार्कच्या शुभवर्तमानातलं १०:४६, म्हणजे यरीहो गावाजवळ येशू आंधळ्याला दृष्टी देतो ती गोष्ट, वाचताना शेजारच्या मावशींनी कन्नड शास्त्रात तीच गोष्ट मत्तय २०:३० मध्ये उघडली आणि म्हणाल्या, "अरे, इथं तर दोघं आहेत!" मी गप्पच झालो.

मत्तयात दोन आंधळे, नावं नाहीत. मार्कात एकच, तीमयाचा मुलगा बार्तीमय. अंगावरचं वस्त्र टाकून उठतो तो. हे वस्त्र फक्त मार्कच सांगतो, आणि मला तिथं कोणीतरी डोळ्यांनी पाहिल्यासारखं वाटतं. लूक १८:३५ मध्येही एकच, बिननावाचा.

दोन आणि एक हे मला फार अडत नाही. दोघांपैकी एकाचंच नाव मंडळीत लक्षात राहिलं असेल. खरी अडचण वाटेची आहे. मत्तय-मार्क म्हणतात, यरीहोतून निघताना. लूक म्हणतो, यरीहोजवळ येताना, आणि जक्कय या जकातदाराची गोष्ट त्यानंतर येते.

जुनं यरीहो आणि हेरोद राजाच्या वाड्यांचं यरीहो वेगळं, त्या दोहोंमध्ये हे घडलं, असं उत्तर मी वाचलंय. पण लूकनं जक्कयासाठी क्रम बदलला असेल का? असं म्हणणं विश्वासाला धरून होईल का?

ज्यांनी सेमिनरीत (पाळकांच्या धर्मशिक्षणाच्या शाळेत) हे शिकलंय, त्यांनी कृपया सविस्तर लिहा. मावशी येत्या गुरुवारी पुन्हा विचारणार आहेत.