मदत हवी आहे: ९-१० वर्षांच्या मुलांची अमेरिकन फुटबॉल टीम, डिफेन्स ५-३ ठेवू की ६-२ करू?

नमस्कार मंडळी,

डॅलसजवळ राहतो. मुलाच्या टीमला कोच कमी पडत होते म्हणून ऑगस्टमध्ये मदतीला गेलो आणि मुख्य कोचने डिफेन्स माझ्यावर सोपवला. मी सांगलीकडचा, शाळेत कबड्डी खेळलेला. एनएफएल (इथली व्यावसायिक फुटबॉल लीग) पंधरा वर्षं बघतोय, पण शिकवायची वेळ पहिलीच.

सध्या ५-३ लावतो. लाइनवर पाच, त्यांच्या मागे तीन लाइनबॅकर, कडेला दोन कॉर्नर, सगळ्यात मागे एक सेफ्टी. या वयात लांबचा पास क्वचितच नीट जातो, त्यामुळे पुढे माणसं जास्त ठेवणं मला पटतं. मधून कुणी जात नाही, पोरं भिंतीसारखी उभी राहतात. मार बसतोय तो कडेला. गेल्या शनिवारी तीन टचडाउन गेले, तिन्ही स्वीपवर (बॉल घेऊन कडेने वळसा घालत धावणं) आणि तिन्ही आमच्या उजव्या बाजूने.

उजवा एन्ड, म्हणजे लाइनच्या उजव्या टोकाचा, नऊ वर्षांचा आहे, जिद्दी पोरगा. स्नॅप झाला, म्हणजे बॉल मागे देऊन डाव सुरू झाला, की बॉल दिसेल तिकडे, म्हणजे आत घुसतो आणि कड मोकळी पडते. गुरुवारी त्याच्या बाहेर तीन यार्डांवर नारिंगी कोन ठेवला. म्हटलं, "तू आणि कोन, मधून कुणी जाता कामा नये." चार वेळा थांबला. पाचव्या वेळी डाव चालवणाऱ्या क्वार्टरबॅकने मध्ये बॉल दिल्याची नुसती हूल दिली आणि हा आत. मला म्हणतो, "पण कोच, बॉल तिकडेच होता ना!" त्याला काय रागावणार? कबड्डीत कोपऱ्यावरचा असाच हुलकावणीला भुलतो, पण तिथे शेजारच्याने त्याचा हात धरलेला असतो. इथे मैदान ५३ यार्ड रुंद आणि तो एकटा.

६-२ करून लाइनवर सहावा आणू का? भीती एवढीच की लाइन फुटली तर मागे लाइनबॅकर दोनच. ४-४ चाही विचार केला, पण मग मधली भिंत जाईल. सामने चार उरलेत, सराव आठवड्यातून दोनदा दीड तास. मुलं १७ आहेत आणि प्रत्येकाला ठरावीक डाव खेळवायचेच असतात, म्हणजे जे काही लावू ते सगळ्यात नवख्या मुलालाही समजलं पाहिजे.

प्रतिसाद:
सीझनच्या मध्यात फॉर्मेशन बदलू नका. सहावा आणलात तरी तोही बॉलमागे आतच जाईल. दोन्ही एन्डना हात टेकून बसवण्याऐवजी उभं ठेवा. खाली वाकलेल्या मुलाला समोरचं हेल्मेट तेवढं दिसतं, उभ्याला पूर्ण बॅकफील्ड, म्हणजे समोरच्या लाइनमागची जागा, दिसतं. काम एकच द्या: एक यार्ड पुढे जा, थांब, बाहेरचा हात मोकळा ठेव आणि धावणाऱ्याला आत वळव. टॅकल (धावणाऱ्याला पाडणं) त्याने करायचीच नाही, ती लाइनबॅकर करतील. त्या बाजूचा कॉर्नर पाच यार्डांवर आणा. आणि स्वीप पलीकडे चालला असला तरी अलीकडच्या एन्डने जागा सोडायची नाही, रिव्हर्स (मध्येच उलट दिशेला फिरवलेला डाव) तिथूनच येतो.

धागाकर्ता:
मनापासून आभार. टॅकल त्याने करायचीच नाही, हे मी त्याला एकदाही सांगितलं नव्हतं. उलट टॅकल केली की सगळ्यात मोठ्याने टाळ्या मीच वाजवत होतो. मंगळवारी त्याला उभं करतो, आणि धावणारा आत वळला की टाळ्या. एक शंका उरलीच: कॉर्नर पाच यार्डांवर आणला आणि एखाद्याने त्याच्या डोक्यावरून पास टाकलाच, तर सेफ्टीला किती मागे ठेवू? माझा सेफ्टी धावायला टीममधला सगळ्यात चपळ आहे.