'गुडघा सरकला' म्हणजे नेमकं काय सरकलं?

कराडकर : आमचा मुलूख खाशाबा जाधवांच्या गोळेश्वरचा. तालमीत 'गुडघा सरकला' हे नेहमीचंच. पुतण्या कुस्तीत पट काढताना (समोरच्याचा पाय ओढून पाडायचा डाव) पाय दुमडून, घोटा आत वळून पडला. वाटीच्या खाली, बाहेरच्या अंगाला जो टणक उंचवटा लागतो, तिथं कट् वाजलं. कागदावर 'प्रॉक्सिमल टिबिओफिब्युलर जॉइंट, अस्थिरता' लिहिलंय. याला मराठीत काय म्हणायचं? ऑपरेशनचं विचारतायत.

वाईकर : दादा, हा मुळात गुडघा नव्हेच. नडगीच्या जाड हाडाला बाहेरून एक बारीक हाड टेकलेलं असतं, त्याचा हा वरचा सांधा. परिभाषेत जाड ते अंतर्जंघास्थी (टिबिया) आणि बारीक ते बहिर्जंघास्थी (फिब्युला). विश्वकोश आमच्या वाईत घडला, या शब्दांचा मला अभिमान आहे. तरी पोराला 'बारीक हाडाचा वरचा सांधा' असंच सांगा.

आता क्रियापदं. सांधा जागेवर राहून बंध (लिगामेंट) ताणले, तर मुरगळला. जागेवरून थोडाच हलला, तर सरकला. जागा पुरती सोडली, तर निखळला. हाडांचे डॉक्टर ऑग्डेन यांनी १९७४ साली या सांध्याच्या दुखापतीचे चार प्रकार मांडले. पहिला नुसता सरकण्याचा, बाकीचे तीन निखळण्याचे.

ऑपरेशनला आपण सरसकट 'सांधा बसवला' म्हणतो, तिथं घोळ होतो. जखडणं वेगळं, बांधणं वेगळं. घोटा हलतो तेव्हा हे बारीक हाडही किंचित फिरतं. वरचा सांधा स्क्रूनं कायमचा जखडला की त्या फिरण्याचा ताण खाली जातो आणि पुढं घोटा दुखू शकतो. पैलवानाला ते कसं परवडणार? म्हणून बांधणी : मांडीच्या मागची कंडरा (स्नायू हाडाला जोडणारा दोर) घेऊन दोन्ही हाडांतल्या भोकांतून ओवतात, किंवा टोकांना छोटी बटणं असलेली मजबूत दोरी घालतात. तुमच्या कागदावर यातलं काय लिहिलंय, ते नीट विचारा.

सांगलीवाला : 'अस्थिरता'ला आमच्याकडं 'पाय दगा देतो' म्हणतात. पण लिगामेंट तुटलं तरी तेच म्हणतात, वाटी सरकली तरी तेच. तेव्हा बोट ठेवून जागा दाखवायचीच.

वाईकर : अगदी बरोबर. आणखी एक. त्या हाडाच्या मानेला वळसा घालून एक नस जाते. ती दुखावली तर पाऊल वर उचलत नाही. मुंग्या येतात का?

कराडकर : आत्ताच उचलून बघितलं, पाऊल उचलतोय. मुंग्या येतात, बाहेरच्या बाजूला. सकाळी डॉक्टरांना हे पहिलं सांगतो, मग जखडणार की बांधणार ते विचारतो.