सिनेमा अडकतोय? आधी सबटायटल्स बंद करून बघा
घरच्या कॉम्प्युटरवरचे सिनेमे टीव्हीवर दाखवणाऱ्या जेलीफिन या सर्व्हर सॉफ्टवेअरवर एखादा सिनेमा अडकत असेल तर राउटर बदला, असं दोघंतिघं सुचवतात. पण त्याच टीव्हीवर बाकीचे सिनेमे सुरळीत चालत असतील तर वायफायला कशाला झोडपायचं? जेलीफिनच्या डॅशबोर्डवर चालू सिनेमाची माहिती उघडा. तिथे 'ट्रान्सकोडिंग' (म्हणजे सर्व्हर व्हिडिओ चालता चालता दुसऱ्या रूपात बदलतोय) दिसलं तर आधी सबटायटल्स बंद करून बघा. ब्लू-रेवरून घेतलेल्या फाइलींत ती बहुधा पीजीएस प्रकारची, म्हणजे मजकूर नव्हे तर चित्रं असतात. टीव्हीवरच्या अ‍ॅपला ती दाखवता आली नाहीत की सर्व्हर ती फ्रेमवर छापत बसतो आणि त्यापायी अख्खा व्हिडिओ नव्याने एन्कोड करतो. फाइल फोर-केची असली तर सर्व्हर म्हणून लावलेल्या जुन्या लॅपटॉपची वाटच लागते.

आमच्याकडे सीपीयू शंभर टक्क्यांवर आणि पंखा मिक्सरसारखा! त्याच सिनेमाची एसआरटी फाइल (साध्या मजकुरातली सबटायटल्स) फोल्डरमध्ये टाकून ती निवडली, तर थेट चालला.