सेंटओएस ७ वरून हलायचंय, पण नव्या इन्स्टॉलरला रेड कार्डावरच्या डिस्कच दिसत नाहीत

कृष्णाकाठ

मंडळी जरा मदत हवी आहे. आमच्या पतसंस्थेत डेलचा पॉवरएज टी३२० टॉवर आहे, झिऑन ई५-२४२० प्रोसेसर, पर्क एच३१० रेड कार्ड, त्यावर दोन डिस्कचा रेड १ (दोन्ही डिस्कवर तोच मजकूर), ओएस आणि डेटा दोन्ही तिथेच. वर सेंटओएस ७ लिनक्स, पोस्टग्रेस डेटाबेस आणि जावातलं सॉफ्टवेअर. मशीन इतकी वर्षं कुरकुर न करता चाललंय पण ३० जून २०२४ ला सेंटओएस ७ चा सपोर्ट संपला, अपडेट उतरवायची मिररलिस्ट पण बंद झाली, आणि यंदा ऑडिटरने रिपोर्टात शेरा मारला की सिक्युरिटी अपडेट न मिळणारी सिस्टीम वापरात आहे. नवीन सर्व्हरचं विचारलं तर चेअरमनसाहेब म्हणाले पुढच्या वर्षी बघू.

म्हणून सुट्टीच्या दिवशी रॉकी लिनक्स ८ चा पेन ड्राइव्ह करून नुसतं बूट करून बघितलं, इन्स्टॉल काही केलं नाही. इन्स्टॉलर व्यवस्थित उघडतो, नेटवर्क मिळतं, पण डिस्क निवडायच्या स्क्रीनवर फक्त पेन ड्राइव्हच दिसतो, रेडचा पत्ताच नाही. पेन ड्राइव्ह काढून परत सेंटओएसमध्ये गेलो की सगळं जागच्या जागी, म्हणजे कार्ड मेलेलं नाही. एएमसीवाला म्हणतो कार्ड जुनं, नवीन लिनक्स त्याला घेतच नाही, आणि दुसऱ्या दिवशी सर्व्हरचं कोटेशन हजर! खरंच असं असतं का? ड्रायव्हर कुठून मिळेल? आणि सोमवारी सकाळी काउंटर उघडलं पाहिजे हे लक्षात ठेवून सांगा.

टर्मिनलवाला

अर्धं खरं आहे त्याचं. लिनक्सने कार्ड सोडलेलं नाही, रेड हॅटने सोडलंय. आरएचईएल ८ (रेड हॅटचं सर्व्हरसाठीचं लिनक्स) काढताना रेड हॅटने जुन्या स्टोरेज कार्डांची एक भलीमोठी यादी सपोर्टमधून काढून टाकली आणि त्यात मेगारेडची ही जुनी पिढी पण गेली, तुमचं एच३१० त्यातलंच. रॉकी त्याचीच हुबेहूब नक्कल म्हणून तिथेही तेच. गंमत म्हणजे मेगारेड_एसएएस नावाचा ड्रायव्हर त्या कर्नलमध्ये आहेच, हाताने लोड केला तरी एरर न देता लोड होतो, फक्त तुमच्या कार्डाला हात लावत नाही. त्यामुळे लोक 'मॉड्यूल तर आहे मग डिस्क का नाही' करत तासन् तास बसतात.

आधी सेंटओएसमध्येच एलएसपीसीआय -एनएनके चालवा आणि रेड कार्डाच्या ओळी इथे टाका. चौकोनी कंसात चार-चार आकड्यांची जोडी असते ती महत्त्वाची, कार्डावर छापलेलं नाव नाही. एच३१० ची बहुतेक १०००:००७३ असेल. मग तोच रॉकीचा पेन ड्राइव्ह परत लावा, इन्स्टॉलर उघडला की कंट्रोल-आल्ट-एफ२ दाबून शेलमध्ये जा आणि तीच कमांड द्या. 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' ही ओळ आहे का बघा. त्याच्याखाली 'कर्नल मॉड्यूल्स' मध्ये नाव दिसलं तरी त्याला काही अर्थ नाही, 'इन यूज' ची ओळ नसेल तर कार्ड कोणी घेतलेलं नाही.

निवांत_नाना

एवढं कशाला करताय, एच३१० ला आयटी मोडचं फर्मवेअर फ्लॅश करा, साधं एचबीए होतं (रेड न करता डिस्क सरळ ओएसला देणारं कार्ड), मग लिनक्सचा सॉफ्टवेअर रेड. घरच्या एनएएसवाले (नेटवर्कवरची साठवण) सगळे तेच करतात, यूट्यूबवर ढिगाने व्हिडिओ आहेत.

टर्मिनलवाला

नाना, घरच्या एनएएसला ठीक, पतसंस्थेला नको. एक तर फ्लॅश केल्यावर आहे तो रेड गेला. दुसरं, डेलच्या राखीव स्टोरेज स्लॉटमध्ये असलेलं कार्ड चुकीच्या फर्मवेअरने फ्लॅश झालं तर सर्व्हर बूटच होत नाही. आणि सगळ्यात मोठी गोम म्हणजे आयटी मोडमध्ये ते १०००:००७२ होऊन एमपीटी३एसएएस ड्रायव्हरकडे जातं, आणि तो आयडी पण रेड हॅटच्या त्याच यादीत आहे. एवढा कुटाणा करून रॉकीत परत डिस्क नाहीतच.

कृष्णाकाठ

ओळी टाकतो आहे. सेंटओएसमध्ये: मेगारेड एसएएस २००८ फाल्कन [१०००:००७३], सबसिस्टीम डेल, कर्नल ड्रायव्हर इन यूज मेगारेड_एसएएस. रॉकीत: आयडी तोच, 'इन यूज' ची ओळ नाही. तुम्ही म्हणालात तसंच.

नेटवर्क ब्रॉडकॉम ५७२०, टीजी३ ड्रायव्हर, दोन्हीकडे चालतंय.

मग आता अपग्रेड जागच्या जागी करता येईल का? एलिव्हेट नावाचं काहीतरी वाचलं.

रात्रपाळी

जागच्या जागी नको. एलिव्हेट चांगलं टूल आहे, आत रेड हॅटचं लीॲप हे अपग्रेड टूल आहे आणि काढून टाकलेला ड्रायव्हर वापरात दिसला की ते स्वतःच अडवतं. पण ओएस आणि डेटा एकाच रेडवर असताना मध्येच काही फसलं तर परत जायला वाट राहत नाही.

वाटा अशा आहेत. रॉकी ८ च हवं असेल तर ईएलरेपो नावाच्या बाहेरच्या भांडाराकडे ह्या जुन्या कार्डांसाठी केमॉड (कर्नलबाहेरून घालायचा ड्रायव्हर) पॅकेज आणि ड्रायव्हर डिस्कची छोटी आयएसओ मिळते. ती दुसऱ्या पेन ड्राइव्हवर लिहायची, तिचं लेबल ओईएमडीआरव्ही असतं त्यामुळे इन्स्टॉलर आपोआप उचलतो, नाही उचलली तर बूट लाइनला आयएनएसटी.डीडी द्यायचं. ड्रायव्हर डिस्क ८.१० साठीची असेल तर इन्स्टॉलर पण ८.१० चाच हवा, ८.९ ची इकडे लावू नका. हे चालतं, पण पुढे प्रत्येक कर्नल अपडेटला छातीत धडधड. नवीन कर्नल आला आणि त्याच्या इनिटरॅमएफएसमध्ये (बूट होताना आधी लोड होणारी छोटी इमेज) तो मॉड्यूल गेला नाही तर रीबूटला ड्रॅकटच्या इमर्जन्सी शेलमध्ये जाऊन बसता, आणि तेव्हा डिस्कच दिसत नसल्यामुळे तिथून काही करता पण येत नाही. रीबूट करण्याआधी दर वेळी एलएसआयएनआयटीआरडी ने नवीन इमेज उघडून मेगारेड शोधायचं, आणि तो केमॉडच्या एक्स्ट्रा किंवा वीक-अपडेट्स फोल्डरमधला आहे ना ते बघायचं कारण मूळ कर्नलमधला त्याच नावाचा मॉड्यूल काही कामाचा नाही. ग्रबमधला जुना कर्नल काढायचा नाही. तुम्ही नसताना हे कोण करणार ते तुम्हीच ठरवा.

माझ्या मते अल्मालिनक्स घ्या, तेही रॉकीसारखं रेड हॅटच्याच घराण्यातलं. अल्माने मे २०२४ मध्ये आलेल्या ९.४ पासून रेड हॅटने बंद केलेली बरीच कार्डं आपल्या मूळ कर्नलमध्ये परत चालू केली, मेगारेड_एसएएस, एमपीटी३एसएएस, एचपीएसए, एएसीरेड वगैरे. बाहेरचा केमॉड नाही, अपडेट येतात ते ड्रायव्हरसकट येतात. सपोर्ट २०३२ पर्यंत. तुमचा ई५-२४२० सॅंडी ब्रिज पिढीतला आहे त्यामुळे ९ ला लागणारी एक्स८६-६४-व्ही२ पातळी (प्रोसेसरला किमान कुठल्या सूचना कळायला हव्यात ती) त्याच्याकडे आहे. मूळ आरएचईएल १० ला मात्र व्ही३ लागतं, एव्हीएक्स२ वगैरे, ते ह्या प्रोसेसरमध्ये नाही. तेव्हा ९ वरच थांबा.

डेबियनची_पालखी

किंवा रेड हॅटचं हे घराणंच सोडा की. डेबियन १२ घ्या, मूळ कर्नलमधून हे कार्ड कोणी काढलेलंच नाही त्यामुळे परत चालू करायचा प्रश्नच येत नाही. आणि पूर्वी फर्मवेअरची वेगळी पेन ड्राइव्ह सांभाळावी लागायची ती कटकट पण १२ पासून गेली, नॉन-फ्री फर्मवेअर आता अधिकृत इन्स्टॉलरमध्येच असतं. ज्यांच्याकडे आर७१० सारखे जुने सर्व्हर आहेत, बीएनएक्स२ वालं नेटवर्क कार्ड, त्यांना ह्याची किंमत विचारा.

रात्रपाळी

डेबियनबद्दल तक्रार नाही, पण ह्यांचं जावावालं सॉफ्टवेअर आरपीएममधून येतं की नुसती झिप आहे ते माहीत नाही. व्हेंडर 'आम्ही फक्त रेड हॅटवर टेस्ट केलंय' म्हणाला की फोनवर कोण भांडणार? ओळखीच्या वातावरणात राहिलेलं बरं. एसईलिनक्स, फायरवॉलडी, सगळं तेच राहतं.

डेबियनची_पालखी

मान्य, व्हेंडरचा फोन हा पण एक ड्रायव्हरच आहे 😄

कृष्णाकाठ

सॉफ्टवेअरवाल्यांना विचारलं, ते म्हणाले रेड हॅट ८ किंवा ९ चालेल, डेबियनचं नाव काढल्यावर गप्प. त्यामुळे अल्मा ९ नक्की. पेन ड्राइव्हवरून बूट करून बघितलं, डिस्क दिसतेय, 'इन यूज' ची ओळ आली!! आता प्रत्यक्ष हलवायचं कसं ते सांगा, शनिवारी दुपारी काउंटर बंद झाल्यापासून सोमवारी सकाळपर्यंत वेळ आहे.

रात्रपाळी

जुन्या डिस्कला हात लावू नका, हे पहिलं. दोन नवीन डिस्क घ्या. शनिवारी आधी पीजी_डंपऑल (पोस्टग्रेसच्या सगळ्या डेटाबेसचा बॅकअप) काढा, ती फाइल बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि ऑफिसातल्या दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर होते का ते तिथल्या तिथे बघा. मग सर्व्हर बंद, दोन्ही जुन्या डिस्क बाहेर, कुठल्या बेमधली कुठली ते मार्करने लिहा. नवीन दोन लावा, सुरू होताना कंट्रोल-आर दाबून कार्डाच्या मेनूत नवीन रेड १ करा, त्यावर अल्मा. काही बिनसलं तर नवीन काढून जुन्या लावायच्या, कार्ड म्हणेल फॉरेन कॉन्फिग सापडली, तिथे इम्पोर्ट निवडायचं. शेजारीच क्लिअर असतं. घाईत, झोपेत, चहाचा कप हातात धरून ते दाबायचं नाही.

पोस्टग्रेसचं डेटा फोल्डर तसंच कॉपी करू नका, डंपमधूनच आत घ्या. व्हर्जनचा फरक आहेच, शिवाय सेंटओएस ७ मध्ये जीलिबसी (लिनक्सची मूळ लायब्ररी) २.१७ आणि २.२८ पासून अक्षरांचा सॉर्टिंग क्रम बदललाय, त्यामुळे जुने टेक्स्ट इंडेक्स वरवर चालल्यासारखे दिसतात आणि आतून चुकीचे असतात. खातेदाराचं नाव यादीत दिसतंय पण सर्चमध्ये सापडत नाही असले प्रकार होतात.

आणि नेटवर्कचं. टीजी३ चालतोय ते ठीक, पण सेंटओएस ७ मध्ये डेलवर इंटरफेसचं नाव ईएम१ असतं, अल्मात ते ईएनओ१ होईल. बॅकअप स्क्रिप्ट, फायरवॉल, मॉनिटरिंग, जिथे जिथे ईएम१ लिहिलंय ते ग्रेप करून आत्ताच यादी करा. सॉफ्टवेअरचं लायसन्स मॅक ॲड्रेसवर असेल तर बहुतेक वाचाल, पण इंटरफेसच्या नावावर बांधलेलं असेल तर व्हेंडरचा माणूस शनिवारी फोनवर पाहिजे.

टर्मिनलवाला

अजून एक, शाखांमध्ये विंडोज ७ ची मशिनं असतील तर बघून घ्या. ९ मध्ये टीएलएस (जोडणी सुरक्षित करणारा प्रोटोकॉल) १.० आणि १.१ बंद आहे, लेगसी पॉलिसी लावली तरी मिळत नाही. सर्व्हर झकास चालू आणि शाखेतून लॉगिनच होत नाही, आणि सगळे म्हणणार ड्रायव्हरचा घोळ.

कृष्णाकाठ

विंडोज ७ दोन शाखांत आहेत 😐 त्यांचं ब्राउझर की जावा क्लायंट ते बघतो. यूपीएसची सिरियल केबल पण आहे, ती सेंटओएसमध्ये एनयूटीवर (यूपीएसवर लक्ष ठेवणारं टूल) होती.

रात्रपाळी

एनयूटी इपेल (जादा पॅकेजांचं भांडार) मध्ये मिळेल. सिरियल पोर्टला वेगळा ड्रायव्हर लागत नाही, फक्त एनयूटीच्या युजरला पोर्टची परवानगी आहे का बघा. पण चाचणी खरी करा, यूपीएसला येणारी लाइट बंद करून, यूपीएस स्वतः बंद करून नव्हे. सोमवारी लाइट गेल्यावर कळायला नको.

जुनाट_जी५

धागा वाचून आशा वाटली म्हणून विचारतो. आमच्याकडे एचपीचा डीएल३८० जी५ आहे, झिऑन ई५४५०, स्मार्ट अ‍ॅरे पी४०० कार्ड. अल्मा ९ टाकलं तर एचपीएसए परत आलाय म्हणता, मग चालेल ना?

टर्मिनलवाला

नाही. तिथे कार्डाच्या आधी प्रोसेसरच आडवा येतो. ई५४५० ला एसएसई४.१ आहे पण ४.२ नाही, म्हणजे व्ही२ पातळी नाही, ९ बूटच होणार नाही. पी४०० तर मूळचं सीसीआयएसएस ड्रायव्हरचं कार्ड, तो ड्रायव्हर कर्नल ४.१४ ला काढला आणि त्याची जुनी कार्डं एचपीएसएकडे सोपवली. डेबियन १२ ची ६४ बिट आवृत्ती त्या प्रोसेसरवर चालते, कार्ड दिसलं नाही तर बूट लाइनला एचपीएसए.एचपीएसए_अलाऊ_एनी=१ देऊन बघा. पेन ड्राइव्हवरून आधी, डिस्कला हात न लावता. आणि त्या मशीनचं महिन्याचं वीजबिल एकदा काढा, मग चेअरमनना भेटा.