दुसरी गाडी म्हणून १९९३ ची सीआय बुलेट घ्यावी का?

पोवईनाका_११

नमस्कार मंडळी. रोजच्याला माझ्याकडे युनिकॉर्न आहे. घर ते एमआयडीसी आणि परत, बावीस किलोमीटर, काही तक्रार नाही. पण लहानपणापासून डोक्यात बुलेट बसलीय. आमच्या आळीत दूध घालणाऱ्या तात्यांकडे होती, ती वळणावर आली की आजी पातेलं घेऊन दारात उभी राहायची.

तर वाईला एका निवृत्त मास्तरांकडे एक आहे. ३५०, जून १९९३ चं पासिंग, एमएच-११, सीआय म्हणजे बिडाचं (कास्ट आयर्न) इंजिन, ठिणगीसाठी जुने पॉइंट (संपर्काची जोडी) असलेली, गिअर उजव्या पायाला. ८५ हजार म्हणतात. "पेपर क्लिअर आहेत, थोडं ट्युनिंग केलं की झालं." रविवारी सकाळी गेलो तर दुसऱ्या किकला सुरू झाली. खाली ऑइलचे थेंब होते, पण मास्तर म्हणाले बुलेट आहे, थेंब पडायचेच.

पैसे दिवाळीच्या बोनसमधले, म्हणजे घरात भांडण नाही. वापर काय, तर रविवारी यवतेश्वर, कास, कधीतरी महाबळेश्वर. ऑफिसातले म्हणतात त्यापेक्षा नवी हप्त्यावर घे. नवी नकोय. हीच घ्यावी का, आणि घेताना काय बघावं, एवढंच सांगा.

फिटर_सांगलीवाडी

एसटीच्या वर्कशॉपात तीस वर्षं काढली, आणि घरी १९८१ पासून एकच बुलेट आहे. तेव्हा जरा लांबड लावतो.

आधी कागद. जून ९३ चं पासिंग म्हणजे पहिली पंधरा वर्षं २००८ ला संपली. पुढं दर पाच वर्षांनी नूतनीकरण: २०१३, २०१८, २०२३. मास्तरांनी २०२३ ला गाडी आरटीओत नेऊन दाखवली होती का? आर.सी. वर मुदत कुठली आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी बघ. "पेपर क्लिअर" याचा अर्थ बऱ्याचदा "कर्ज नाही" एवढाच असतो. मुदत संपली असेल तर नूतनीकरण त्यांनी त्यांच्या नावावर करून द्यायचं, पर्यावरण कर त्यांनी भरायचा, मग नावावर करायचे २९-३० नंबरचे फॉर्म आणि मग पैसे. उलटं केलंस तर उशिराच्या दंडासकट सगळं तुझ्या गळ्यात. इंजिन नंबर आणि चॅसी नंबर दोन्ही आर.सी. शी ताडून बघ, चॅसीचा हँडलच्या नळीपाशी असतो. घासल्यासारखा वाटला तर चहा पी आणि परत ये.

आता इंजिन. दुसऱ्या किकला सुरू झाली म्हणतोस, पण तू जायच्या आधी इंजिनला हात लावला होतास का? गरम इंजिन कुणाचंही सुरू होतं. पुढच्या खेपेला न सांगता जा. हात लाव, फिन (इंजिनावरच्या थंड करणाऱ्या पट्ट्या) गार लागल्या तरच पुढचं. पेट्रोल चालू, किक हळूहळू दाब, जड लागली की थांब. चावी दिली की अ‍ॅमीटरचा (करंट दाखवणाऱ्या घड्याळाचा) काटा बघ. तो मध्यावर आला म्हणजे पॉइंट उघडले, पिस्टन वर आलाय. डीकॉम्पचा, म्हणजे सिलिंडरातला दाब सोडणारा, लिव्हर ओढून किक दोन बोटं पुढं सरकव, लिव्हर सोड, किक वर येऊ दे आणि मग पूर्ण दाब. मारायची नाही, दाबायची. एवढं करूनही उलटी झटकत असेल तर टायमिंग पुढं गेलंय किंवा ठिणगीची वेळ मागं-पुढं करणाऱ्या अ‍ॅडव्हान्सच्या स्प्रिंगा मेल्यात. माझा घोटा त्यानंच दीड महिना सुजला होता.

पहिल्यांदा सुरू झाल्यावर निळा धूर आला तर लगेच घाबरू नको. बरेच दिवस उभी असली की ऑइल झिरपून फ्लायव्हीलच्या बाजूला उतरतं, ते जळतं. पाच-दहा मिनिटांत धूर थांबला तर ठीक. चढाला तिसऱ्या गिअरमध्येही निळाच सोडत असेल तर बोअर आणि रिंगा गेल्या. थेंबांचं म्हणशील तर मास्तर निम्मे खरे आहेत. थेंब कुठून पडतो ते बघ. प्रायमरी केसच्या (क्लचच्या बाजूच्या झाकणाच्या) खालून पडत असेल तर पॅकिंगवर भागेल. हेड आणि सिलिंडरच्या सांध्यातून असेल तर किंमत कमी करून माग.

पाणी नाही, रेडिएटर नाही, ७० बोअर आणि ९० स्ट्रोकचा बिडाचा सिलिंडर, आणि त्याला थंड करणारा फक्त समोरचा वारा. म्हणून चालत्या घाटात ती खूश असते आणि सुट्टीच्या दिवशी पाचगणीच्या रांगेत कावते. रांग थांबली की इंजिन बंद कर. फिनांमध्ये साचलेला चिखल ब्रशनं काढायचा, तेवढीच तिची कूलिंग सिस्टीम. कुणी "नवीन बोअर मारलाय" म्हणालं तर पहिले पाचशे किलोमीटर कान पिळायचा नाही, जाम होईल.

हे सगळं शिकता येतं. मला भीती आहे ती तुझ्या पायांची. युनिकॉर्नला गिअर डावीकडं, पहिला खाली. या बुलेटला गिअर उजवीकडं, पहिला वर आणि बाकीचे खाली, ब्रेक डाव्या पायाला. सगळं उलटं. ज्याच्याकडं एकच गाडी त्याचा पाय बसतो. तू सहा दिवस एक आणि सातव्या दिवशी दुसरी चालवणार. निवांत रस्त्यावर काही होत नाही. म्हैस आडवी आली की पाय विचार करत नाही, सवयीचं करतो. आमच्या वर्कशॉपातला एक जण असाच मैलाच्या दगडावर गेला होता, नशिबानं मनगटावर निभावलं. तेव्हा घेतलीस तर महिनाभर मोकळ्या मैदानात फक्त थांबायचं शिक.

रोडकिंग_नाशिक

काकांना पूर्ण अनुमोदन, पण मग येझदी बघा ना भाऊ! गिअर डावीकडेच, पायांचा गोंधळ नाही. किक आणि गिअरचा दांडा एकच, आत दाबून वर फिरवला की किक. मैसूरचा कारखाना १९९६ ला बंद पडला तरी माझी येझदी रोडकिंग अजून गंगापूर रोडवर धूर काढतेय. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायला विसरायचं नाही एवढंच. मी एकदा विसरलो होतो, त्यावर वेगळा धागा काढावा लागेल.

गौरी_रत्नागिरी

मी बाबांची बुलेट सांभाळते म्हणून लिहिते. चालवण्यापेक्षा उभी ठेवण्यानं ती जास्त बिघडते. गेल्या पावसाळ्यात अडीच महिने पडवीत होती, टाकी अर्धी. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि ते हवेतलं पाणी ओढतं. गणपतीत कार्बोरेटरची वाटी खोलली तर आत चहासारखं तांबडं पाणी, तळाशी गंजाचा गाळ. आता मी नळ बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवते, म्हणजे वाटी रिकामी होते. दादा, तुमच्याकडे कासचा पाऊस आहे. जून ते सप्टेंबर ती कुठे उभी राहणार, हे आधी ठरवा. आणि सामान मिळतं हो, पण बाजारातले पॉइंट इतके कच्चे येतात की बाबा जुनेच घासून लावतात.

पोवईनाका_११

सगळ्यांचे आभार. काल न सांगता गेलो. सकाळचे साडेसात, फिन गार. मास्तर जरा ओशाळले आणि स्वतःच म्हणाले, "मागच्या वेळी तुम्ही यायच्या आधी अर्धा तास फिरवून आणली होती." अकराव्या किकला सुरू झाली. धूर आला, सात मिनिटांत थांबला. थेंब प्रायमरीखालून.

आर.सी. ची मुदत: जून २०२३. काका, तुम्ही गाडी न बघता सांगितलंत! मास्तरांना खरंच माहीत नव्हतं, २०१८ ला त्यांच्या मुलानं केलं होतं आणि तो आता बंगळुरूला असतो. ठरलं असं: नूतनीकरण ते करून देणार, धावपळ मी करायची, किंमत ७२. पाच हजार विसार दिला, चिठ्ठीवर दोघांच्या सह्या घेतल्या. येझदी नको, रोडकिंगवाले रागावू नका. पावसाळ्याचं म्हणाल तर मेव्हण्याचं गॅरेज आहे, त्यानं बदल्यात महिन्यातून एक फेरी मागितलीय.

मास्तरांनी मागच्या मैदानात तासभर चालवू दिली. टाचेनं न्यूट्रलचा दांडा दाबला की दुसऱ्यातून थेट न्यूट्रल, हे फार आवडलं. ब्रेक मात्र तीनदा चुकला. उजवा पाय दाबला की गिअर वाढायचा आणि गाडी तशीच पुढं. चौथ्यांदा जमलं आणि मी खूश होऊन घरी आलो.

आज सकाळी पोवई नाक्यावर सिग्नलला युनिकॉर्न थांबवायला डावा पाय दाबला. गाडी चौथ्यातून तिसऱ्यात, इंजिन किंचाळलं, पुढच्या रिक्षावाल्यानं मागं वळून बघितलं. काका, म्हणजे हे दोन्हीकडून होतं?