अनुभव धागा: मराठीत एकच शब्द, इंग्रजीत दोन

मंडळी, आपल्या बडोद्यात दुकानात, कारखान्यात, बँकेत दिवसभर इंग्रजी शब्दांची ये-जा असते. बोलताना एकाच्या जागी दुसरा बसला तर कुणी अडवत नाही, काम मात्र बिघडतं. तुमच्या धंद्यातली कोणती जोडी घोळ घालते ते लिहा. व्याख्या कोशात सापडतात. इथे वस्तू हातात धरून सांगा.

मोजमाप विभाग, मकरपुरा

ॲक्युरसी आणि प्रिसिजन. दोन्हींना 'अचूकता' म्हणून मोकळं झालं की घात झालाच समजा. २५.००० मिमीचा स्लिप गेज (नेमक्या मापाचा पोलादी ठोकळा) घ्या आणि मायक्रोमीटरने पाच वेळा मोजा. पाचही वेळा २५.०३ आलं, तर प्रिसिजन उत्तम आहे, ॲक्युरसी नाही. हत्यार चुकतंय, पण दरवेळी तेवढंच चुकतंय. बहुतेकदा शून्य सरकलेलं असतं. जबड्यांत कोरा कागद हलका धरून ओढा म्हणजे मळ निघेल, मग रॅचेटने (टोकाची फिरकी, ठराविक दाबाला घसरणारी) बंद करून शून्य बघा. जुळत नसेल तर सोबतच्या पान्याने स्लीव्ह (खुणांची स्थिर नळी) फिरवून जुळवा. शून्य बरोबर असूनही २५ला फरक येत असेल तर बहुधा आटे झिजलेत, कॅलिब्रेशनला (प्रमाणाशी ताडून तपासायला) पाठवा.

आता २४.९८, २५.०२, २५.००, २४.९९, २५.०१ असं आलं तर? सरासरी बरोबर २५.००, पण एकाचा दुसऱ्याला मेळ नाही. इथे गेली ती प्रिसिजन, आणि दोष सहसा हाताचा असतो: रॅचेट सोडून थिंबल (फिरणारी नळी) आवळलं किंवा जॉब (मोजायची वस्तू) तिरका धरला. अशा वेळी स्लीव्हला हात लावू नका. नवी मुलं नेमकं तेच करतात आणि चांगलं शून्य घालवून बसतात.

तिसरा शब्द रिझोल्यूशन, म्हणजे हत्यार दाखवू शकतं तो सर्वांत लहान फरक. डिजिटल पडद्यावर तिसरा दशांश दिसतो म्हणजे तो खरा असतोच असं नाही. मोजमापाचं प्रमाण तापमान २० अंश आहे. मशीनवरून ४० अंशांवर उतरलेला २५ मिमीचा पोलादी जॉब जवळजवळ ०.००६ मिमी फुगलेला असतो. तो थंड होऊ द्या, मग मोजा.

औषधविक्रेते, रावपुरा

आमच्याकडे स्ट्रेंग्थ आणि डोस. 'पाच एमएल दिलं' हे अर्धंच वाक्य आहे. मुलांच्या पॅरासिटामॉलची एक बाटली ५ मिलीत १२५ मिग्रॅची असते, दुसरी ५ मिलीत २५० मिग्रॅची, आणि थेंबांची छोटी बाटली १ मिलीत १०० मिग्रॅची. म्हणजे त्याच ५ मिलीतून पोटात जातं १२५, २५० किंवा थेट ५००. बाटलीवर लिहिलेली ती स्ट्रेंग्थ. एका वेळी पोटात जाणारे मिलीग्रॅम तो डोस. किती वेळा आणि किती दिवस, हे धरून होतं ते डोसेज. बाटली बदलली की मिली बदलतात, म्हणून चिठ्ठीवरचे मिग्रॅ आणि लेबलवरचे मिग्रॅ शेजारी ठेवून वाचा. बाटलीसोबत आलेल्या मापानेच द्या; घरातले चमचे एका मापाचे नसतात.

एक्स्पायरीबद्दलही सांगायला हवं. औषधावर फक्त महिना आणि वर्ष असेल तर त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत ते चालतं. बिस्किटांवरचं 'बेस्ट बिफोर' वेगळं: ती तारीख उलटली की आधी चव आणि कुरकुरीतपणा उतरतो. 'यूज बाय' उलटलं तर मात्र खायचं नाही.

वायरमन

ओव्हरलोड आणि शॉर्ट. एमसीबी म्हणजे वीज जास्त ओढली की आपोआप पडणारी कळ. ती वर केल्याक्षणी पडली तर शॉर्ट. गीझर, इस्त्री चालू करून काही मिनिटांनी पडला तर ओव्हरलोड. पहिल्यात एकेक प्लग काढून दोष शोधा, दुसऱ्यात भार कमी करा. वारंवार पडतो म्हणून मोठा एमसीबी बसवू नका, वायर जळेल. आणि एमसीबी माणसाला शॉकपासून वाचवत नाही. ते काम आरसीसीबीचं, म्हणजे विजेची गळती ओळखून पडणाऱ्या कळीचं. घरासाठी ३० मिलीअँपिअरचा लावतात.

बँकेतून

दोघांच्या नावावरच्या खात्याचे दोन प्रकार: 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' आणि 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर'. फॉर्मवर एका शब्दाचा फरक, पण पहिल्यात दोघांपैकी कुणीही खातं चालवू शकतं. दुसऱ्यात पहिली व्यक्ती हयात असेपर्यंत तिचीच सही चालते. 'आयदर' असलं तरी मुदत ठेव मुदतीआधी मोडायची तर सहसा दोघांच्या सह्या लागतात. दवाखान्याच्या घाईत हे कळून उपयोग नाही, ठेव ठेवतानाच विचारून घ्या. नॉमिनी आणि वारस हेही दोन वेगळे. बँक पैसे नॉमिनीच्या हाती देते, पण त्यावरचा वारसांचा हक्क त्याने संपत नाही.

इंग्रजीची शिकवणी, दांडिया बाजार

'लेंड' आणि 'बॉरो' मुलं हमखास उलटे वापरतात. कारण उघड आहे: आपण 'उसने' हा शब्द तोच ठेवतो आणि 'देणे-घेणे' बदलतो. शेजारचा गुजराती मुलगाही 'उछीनुं'चं तसंच करतो. म्हणून पाठांतर नको, मराठी वाक्यातलं क्रियापद बघायला लावा: देतोय तर लेंड, घेतोय तर बॉरो. 'हिअर' आणि 'लिसन'मध्ये तर मराठीच मदतीला येते. 'ऐकू येतं' म्हणजे हिअर, 'ऐकतो' म्हणजे लिसन. 'दिसतं' म्हणजे सी, 'बघतो' म्हणजे लुक. मुलांना हा फरक आईच्या मांडीवरच कळलेला असतो, फक्त दाखवून द्यावा लागतो.

जुन्या चित्रांची निगा राखणारे

बडोद्यातल्या जुन्या घरांत रविवर्म्यांच्या चित्राला सरसकट 'पेंटिंग' म्हणतात. बहुतेक ठिकाणी ते ओलिओग्राफ असतं, म्हणजे दगडावरून एकेक रंग छापून वर वॉर्निश चढवलेला छाप. दहापट भिंग घेऊन देवीच्या गालावर धरा. तैलचित्रात कुंचल्याचे फराटे आणि रंगाचा उंचवटा दिसतो. ओलिओग्राफमध्ये बारीक, लहानमोठे, वेडेवाकडे ठिपके दिसतात. ठिपके एकसारखे, फुलासारख्या गोल रचनेत असतील तर छाप अलीकडचा, ऑफसेटचा. वरचा खरखरीतपणा पुरावा मानू नका. कॅनव्हासचा पोत छापानंतर दाबून उठवलेलाही असतो.

छाप कागदावरचा असतो, म्हणून ओल्या फडक्याने कधीच पुसू नका. कडेच्या भेगेतून पाणी आत गेलं की कागद फुगतो आणि रंग पापुद्र्यासारखा सुटतो. मऊ, कोरड्या ब्रशने वरून खाली धूळ झटका, आणि फ्रेम बाहेरच्या भिंतीवर असेल तर मागे बुचाचे तुकडे लावून हवा खेळती ठेवा.