मदत हवी आहे : संस्थेसाठी आरोग्य व्यवस्थेचा ज्येष्ठ सल्लागार कसा निवडावा?

नमस्कार मंडळी,

नंदुरबार जिल्ह्यात धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यांत आमची छोटी संस्था माता-बाल आरोग्याचं काम करते. आजवरचं सगळं काम पाड्यांवर, आशाताईंच्या बरोबरीनं: गरोदर बायांची नोंद, जोखमीची बाई वेळेत दवाखान्यात पोचवणं, कुपोषित मुलांचा पाठपुरावा. आता देणगीदारांचं म्हणणं, पाडे किती दिवस सांभाळणार, जिल्ह्याच्या यंत्रणेबरोबर बसा. त्यासाठी तीन वर्षांचं एक सल्लागाराचं पद मंजूर झालंय. जाहिरात दिली, अर्जही बरे आले, आणि विश्वस्त मंडळात सरळ दोन तट पडलेत.

एका गटाला निवृत्त जिल्हा आरोग्य अधिकारी हवेत. फाइल कुठल्या टेबलावर अडते हे त्यांना ठाऊक असतं, आणि त्यांचा फोन उचलला जातो. दुसऱ्या गटाला सार्वजनिक आरोग्याची पदवी घेतलेली, दिल्लीत मोठ्या प्रकल्पांवर काम केलेली व्यक्ती हवी. मला दोन्हीकडे धास्ती वाटते. साहेबांना हुकूम सोडायची सवय असेल तर आमच्या कार्यकर्त्या पोरी त्यांच्यासमोर तोंड उघडणार नाहीत. आणि दिल्लीकरांचं सादरीकरण देखणं असतं, पण धडगावच्या तालुका आरोग्य अधिकाऱ्यांसमोर ते तासभर टिकेल का?

मुळात आम्हाला हवा आहे तो सांधा जोडणारा माणूस. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे, ग्रामीण रुग्णालय जिल्हा शल्य चिकित्सकांकडे. पाड्यावरून निघालेली बाई वाटेत एका साहेबाच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत जाते. पाठवल्याची चिठ्ठी तिच्या हातात असते, पण तिथं काय झालं, ती कधी घरी आली, याचा उलटा निरोप नर्सताईंना मिळतच नाही. बाळंतपणानंतरच्या भेटी इथंच हुकतात. हे ज्याला न सांगता कळतं, तो माणूस ओळखायचा कसा?

माझे प्रश्न असे. मुलाखतीत नेमकं काय विचारायचं? बसायची जागा नंदुरबारला द्यावी की पुण्या-मुंबईहून येऊन-जाऊन चालेल? आणि पैशाचं काय, कारण या पदाचा पगार आमच्या समन्वयकाच्या तिपटीवर जातोय आणि कुजबूज सुरू झालीये. निधी परदेशी आहे, म्हणजे प्रशासकीय खर्चाच्या मर्यादेचा घोळ वेगळाच.

– धडगावकर

जुना_एमओ :

ताई, मुलाखत नंतर घ्या, आधी कागद हातात द्या. एका प्राथमिक आरोग्य केंद्राचे वर्षभराचे एचएमआयएसचे (सरकारी आरोग्य-आकडेवारीच्या प्रणालीचे) मासिक अहवाल छापून समोर ठेवा, अर्धा तास द्या आणि गप्प बसा. हिमोग्लोबिन तपासलेल्या मातांचा आकडा नोंदणीच्या आकड्याशी दर महिन्याला तंतोतंत जुळतोय आणि हिमोग्लोबिन सातच्या खाली, म्हणजे तीव्र रक्तक्षय असलेली, एकही बाई नाही, असं पान मुद्दाम निवडा. सिकलसेलच्या (रक्तक्षय करणाऱ्या आनुवंशिक आजाराच्या) पट्ट्यात हे कसं शक्य आहे? जो म्हणेल ‘कामगिरी उत्तम’, त्याला चहा पाजून निरोप द्या. जो म्हणेल ‘कर्मचारी खोटं लिहितात’, त्यालाही. जो विचारेल की तपासणीच्या पट्ट्या शेवटच्या कधी आल्या होत्या आणि मागणीपत्र कोणी कोणाला पाठवलं, त्याला ठेवून घ्या.

निवृत्त अधिकाऱ्यांबद्दल सरसकट नको बोलूया. मीही त्यातलाच! पण त्यांनी जिल्ह्यात शेवटचं काम कधी केलं ते जरूर बघा. समुदाय आरोग्य अधिकारी उपकेंद्रावर आल्यापासून तिथलं गणित बदललंय. आणि ज्या जिल्ह्यात साहेब म्हणून खुर्चीवर होते तिथंच सल्लागार नेमू नका, जुने हिशेब निघतात.

हिशेबनीस :

परदेशी निधीतून प्रशासकीय खर्चाची मर्यादा 2020 च्या दुरुस्तीनं 50 वरून 20 टक्क्यांवर आणली. सल्लागाराचा पगार आपोआप त्यात जातो असं नाही आणि आपोआप वगळला जातो असंही नाही, तो माणूस रोज काय करतो यावर ते ठरतं. नेमणूकपत्रात ‘व्यवस्थापनास मार्गदर्शन’ असलं गोलमाल वाक्य टाकाल तर लेखापरीक्षक तिथंच बोट ठेवेल. क्षेत्रकाम, प्रशिक्षण, तालुक्याच्या बैठका हे स्पष्ट लिहा आणि सही करण्याआधी सीएंना दाखवा. मानधनावर घेतलंत तर 10 टक्के टीडीएस कापावा लागेल, तेव्हा आकडा कापून की न कापून हे पहिल्याच बोलण्यात सांगा. पुष्कळ भांडणं तिथंच होतात.

कुजबुजीचं म्हणाल तर पगार लपवू नका. लपवला की तो तिपटीचा चौपट होतो.

खानदेशी :

तीन वर्षं ऐकायला पुष्कळ वाटतात, पण राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा पीआयपी (कामाचा आणि निधीचा आराखडा) 2022-24 पासून दोन-दोन वर्षांचा झालाय. जिल्ह्याच्या मागण्या आर्थिक वर्षाच्या कितीतरी आधी वर जातात. तुमचा माणूस चुकीच्या महिन्यात रुजू झाला तर त्याच्या हाती एकच खेप उरेल. मी तर उमेदवाराला हेच विचारीन: पहिल्या सहा महिन्यांत आराखड्यात आमची कुठली ओळ घुसवाल, आणि नाही घुसली तर रुग्ण कल्याण समितीच्या (दवाखान्याच्या स्थानिक समितीच्या) पैशांतून काय होईल?

जागा नंदुरबारच. येऊन-जाऊन करणारा पावसाळ्यात धडगावला पोचत नाही, आणि तुमचं काम तेव्हाच असतं.

धडगावकर :

मनापासून आभार. एचएमआयएसची परीक्षा दोन्ही तटांना पटली, हाच मोठा विजय. सीएंकडे मसुदा आज जातोय. जुना_एमओ सर, एक विनंती: केंद्राचं नाव खोडलेलं असं पान निवडायला मदत कराल का? आणि निवड समितीत आमच्या एका आशा गटप्रवर्तक (आशांच्या कामावर देखरेख ठेवणाऱ्या) ताईंना बसवायचं मनात आहे. त्यांना मानधन किती द्यावं, आणि तालुक्याकडून त्यासाठी परवानगी लागते का, हे कोणी केलं असेल तर सांगा.